मागे कोणी राहिलं का?

वीज गेली तेव्हा सव्वानऊ झाले होते. हॉटेलच्या चाळीस खुर्च्यांना पॉलिशचा शेवटचा हात नुकताच मारून झाला होता. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून कारखान्याचं दार बंद होतं, आणि आत थिनरचा वास इतका कोंडला होता की मेणबत्ती लावायचीही सोय नव्हती. आम्ही तिघं अंधारातच बसलो. मी, पॉलिशवाला आणि टेम्पो चालवणारे अण्णा.

दादा गेल्यापासून मी अण्णांशी बोलत नव्हतो. दोन महिने झाले. दादा त्यांच्याच टेम्पोतून माल पोचवायला गेला आणि परत आला तो अॅम्ब्युलन्समधून. अण्णांनी पोलिसांना सांगितलं, घरी येऊन आईलाही सांगितलं, "तो म्हणाला, मी आज इथेच मुक्काम करतो, तुम्ही व्हा पुढे." दादा आणि मुक्काम? मावशीकडे गेला तरी रात्रीच्या गाडीने परत यायचा तो. आईने ऐकून घेतलं. मला ते कधी पटलं नाही.

पॉलिशवाल्याला गप्प बसवत नाही. म्हणाला, "अण्णा, जन्मभर रात्रीच्या गाड्या मारल्यात. एखादं भूत तरी भेटलं असेल की."

"मला नाही. ओळखीच्या एका ड्रायव्हरला भेटलं."

"ओळखीच्यालाच भेटतं ते! आपल्याला कधी रस्ता विचारायलासुद्धा थांबवत नाही."

तो एकटाच हसला. अण्णांनी घसा साफ केला आणि सांगायला लागले.

"हा ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार एका मोठ्या शहरात कपाट पोचवायला गेले. जुनं शहर. राजाच्या काळातल्या वेशी, तट, चौकाचौकात पुतळे. कपाट चौथ्या मजल्यावर न्यायचं, आणि ते जिन्यात वळेना. शेवटी दारं काढून चढवलं. खाली उतरले तेव्हा अकरा वाजलेले. आता त्या शहरात मोठ्या गाड्यांना सकाळी आठ ते रात्री आठ बंदी. आत गेलेली गाडी आतच अडकते. नऊ तास काढायचे कसे? जोडीदार म्हणाला, बागा बघू. बागेत बसायला कोणी हटकत नाही."

"शहाणा होता," पॉलिशवाला म्हणाला.

"एका दिवसात तीन बागा केल्या त्यांनी. पहिली गुलाबांची. प्रत्येक झाडाच्या पायाशी नावाची पाटी. हा वाकून वाकून वाचत होता, जशा काही सोयऱ्यांच्या घरावरच्या पाट्या. दुसरी नदीकाठची. तिथे म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. यांनी उभ्या उभ्या चाली सुचवून शिव्या खाल्ल्या. तिसरी सगळ्यात जुनी. कधीकाळी राजाची खासगी बाग. चारी बाजूंनी उंच भिंत, एकच फाटक, मधे तळं. झाडं अशी की तिघांनी हात धरले तरी बुंधा कवेत यायचा नाही. जोडीदाराने बूट काढले आणि हिरवळीवर आडवा झाला. म्हणाला, एकदा आईला आणायचं इथे. तिला सांगायचं, चप्पल काढ आणि नुसती चाल."

मी ताठ झालो. हेच शब्द. त्या दुपारी दादा आईला फोनवर हेच म्हणाला होता. फोन स्पीकरवर होता. मी शेजारी जेवत होतो.

"अण्णा, हा ड्रायव्हर कोण?"

"ओळखीचा आहे."

"आणि जोडीदार?"

पॉलिशवाल्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

"सांगा पुढे. मला सगळं ऐकायचंय."

अण्णांचा आवाज खाली गेला. "एकवीस नोव्हेंबर. गुरुवार. सहालाच अंधारून आलं. ती बाग साडेसातला बंद होते. पहारेकरी म्हातारा, त्याला एवढी बाग फिरवत नाही. तो फाटकात उभा राहून शिट्ट्या मारतो. माणसं गोळा होत बाहेर पडतात. शेवटच्या माणसाला तो विचारतो, मागे कोणी राहिलं का? तो नाही म्हणाला की कुलूप. त्याची ही नेहमीची रीत.

"शिट्टी झाली तेव्हा जोडीदार गाढ झोपलेला. ड्रायव्हर मनाशी म्हणाला, झोपू दे अजून पाच मिनिटं. तळ्यावर जाऊन तोंड धुतलं. परत आला तर तो उठून बसलेला. पाठमोरा. खाली वाकून बूट घालत होता. ड्रायव्हर म्हणाला, चल रे. तो म्हणाला, हं.

"ड्रायव्हर पुढे, तो मागे. अंधारात पावलं वाजत होती. फाटकात म्हाताऱ्याने विचारलं, मागे कोणी राहिलं का? ड्रायव्हर म्हणाला, नाही, आम्ही दोघंच शेवटचे. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागे पाहिलं. काहीतरी बोलणार होता... बोलला नाही. कुलूप लावलं."

कुठेतरी खुर्चीचं लाकूड तडकलं. आम्ही तिघंही दचकलो.

"आठला गाडी काढली. केबिनचा दिवा गेलेला. ड्रायव्हर आपला बोलतोय. कपाट कसं चढवलं, घरमालकाने पाणीसुद्धा विचारलं नाही. शेजारून नुसतं हं. पुन्हा हं. केबिनमध्ये ओल्या गवताचा वास येत होता. त्याला वाटलं, कपड्यांना लागला असेल. शहर मागे पडलं. रस्ता रिकामा... आठ बावन्नला फोन वाजला. समोर डॅशबोर्डवर होता. नाव दिसत होतं."

"कोणाचं?" पॉलिशवाला कुजबुजला.

"जोडीदाराचं. शेजारी बसलेल्याचं."

पॉलिशवाला माझ्याजवळ सरकला.

"ड्रायव्हर म्हणाला, अरे, खिशात तुझा फोन दाबला जातोय बघ. शेजारून... काही नाही. हं सुद्धा नाही. फोन वाजतोय. तो शेजारी बघत नाही. समोर बघतोय. फक्त समोर. फोन वाजतोय...

"थांबला.

"टोलनाक्यावर उजेड होता. तिथे मान वळवली. सीट रिकामी. दार बंद. गाडी मधे कुठेही थांबली नव्हती."

मग मी विचारलं. मला एवढंच विचारायचं होतं. अण्णा दादाला सोडून आले कसे, हे दोन महिने रोज रात्री मी विचारत होतो, छताकडे बघून.

"गाडी वळवली?"

अण्णांची चप्पल फरशीवर घासली.

"अण्णा, गाडी वळवली का?"

"नाही," ते म्हणाले. "मी घाबरलो रे, धाकट्या."

मी उठलो आणि त्यांची गचांडी धरली. एक खुर्ची आडवी झाली. माझे हात पॉलिशने चिकट झाले होते, त्यांच्या शर्टाला चिकटले. "तुमच्या एका शब्दावर कुलूप लागलं. दादा आत झोपलेला! त्याने तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही..."

"हात उठला नाही. नाक्यापासून रात्रभर लावत होतो. त्याचा फोन बंद. सकाळी पोलिसांचाच आला. तळ्यात..."

"आणि ते मुक्कामाचं?"

"खरं सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं?"

"मी आताही ऐकत नाही. माझ्या भावाला सोडून आलात आणि भुताच्या माथी मारताय. फोन उचलला होतात तुम्ही. तो ओरडला असेल, रडला असेल. तुम्हाला परत जायचा कंटाळा आला."

अण्णांनी मला ढकललं नाही. खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. मी यादी खाली सरकवली. एकवीस नोव्हेंबर. 'थोरला'. लाल अक्षरांत मिस्ड कॉल. आठ बावन्न.

"तुझ्या आईची शपथ घेऊन सांगतो. उचलला नाही."

"माझ्या आईला यात ओढू नका."

मी दार उघडून पळत सुटलो. धुळीचं काय व्हायचं ते होवो. घर दोन गल्ल्या पलीकडे. आई झोपली होती. दादाचा फोन कपाटात, तिच्या साड्यांखाली, पोलिसांनी दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो तळ्याच्या काठी गवतात सापडला होता. पाय घसरला म्हणून लिहून पोलिसांनी कागद बंद केले, फोनचं लॉक उघडायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही. आईनेही कोणाला तो सुरू करू दिला नव्हता. म्हणायची, त्याचा आहे, त्याचाच राहू दे. मी पिशवीसकट उचलला आणि परत पळालो.

कारखान्यात अण्णा तिथेच बसले होते. खुर्ची पॉलिशवाल्याने सरळ केली होती. मी फोन सुरू केला. थोडी बॅटरी शिल्लक होती. लॉक मला ठाऊक होतं. पडद्यावर आईचा फोटो आला, डोळे मिटलेला, दादाने मुद्दाम ठेवलेला. पॉलिशवाला वाकला. अण्णाही जवळ आले. दोन्ही फोन आम्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवले.

दादाच्या फोनवर शेवटचा कॉल अण्णांना. आठ बावन्न. त्यानंतर कोणालाच नाही. मला नाही. आईलाही नाही.

"बघ," अण्णा म्हणाले. "तेवढाच. मी..."

आणि थांबले.

पॉलिशवाला सावकाश मागे सरकला. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. दादा फोनवर कोणाशी दोन मिनिटांच्या वर कधी बोलला नाही.

कॉल उचललेला होता.

एक्केचाळीस मिनिटं.