बेचाळिसावी पाटी

मी एका फुलात नाक खुपसून जोरात शिंकले, तेव्हा झुडपापलीकडून शांतपणे आवाज आला, "तुम्ही ऱ्होडोडेंड्रॉनवर शिंकलात. पाटीवर मात्र अझेलिया लिहिलंय."

तो त्या भागाचा माळी होता. मी पाटीवाली. बागेतल्या झाडांच्या नावाच्या पाट्या रंगवायचं काम मला महिनाभराच्या बोलीवर मिळालं होतं, आणि मी बेचाळीस पाट्या रंगवून, रोवून मोकळी झाले होते. सगळ्यांवर 'अझेलिया'. अक्षर अप्रतिम होतं. निम्मी झाडं दुसरीच होती, एवढंच. सोमवारी बागेच्या मोठ्या बाई पाहणीला येणार होत्या. चूक दिसली की मी घरी. बाबांना सांगितलं तर म्हणाले, फुलाला नाव विचारतंय कोण. बाबांचं स्वतःचं पाट्यांचं दुकान आहे, त्यामुळे जरा काळजीच वाटली.

माळ्याने फूल माझ्यापुढे वाकवलं आणि आतले पुंकेसर मोजायला लावले. दहा किंवा जास्त असले तर ऱ्होडोडेंड्रॉन, पाचच असले तर बहुतेक अझेलिया. पान जाड, चामड्यासारखं असेल तर पहिलं. पातळ, लवदार असेल तर दुसरं. घराणं तसं एकच, पण पाट्या वेगळ्या.

मी मोजू लागले आणि पाचावर येऊन मोजणंच विसरले. पाकळीच्या आत गडद ठिपक्यांची वाट होती... कुणीतरी मधमाशीसाठी बारीक ब्रशने काढलेली. मी चौथीपासून ब्रश धरतेय. असा एक ठिपका मला आजवर जमलेला नाही.

तीन दिवस आम्ही मोजत होतो. मी मोजायचे, चुकलेली पाटी पुसून नव्याने रंगवायचे, तो सुकलेले गुच्छ दोन बोटांनी अलगद मोडायचा — खालचा कोवळा कोंब न दुखावता. मदत म्हणून मी घरून बादलीभर राख आणली, तर त्याने ती बादली बॉम्ब असावा तशी लांब नेऊन ठेवली. यांना आंबट माती लागते, म्हणाला, राखेने पानं पिवळी पडतात. आमच्या आत्यालाही आंबटच लागतं, मी म्हटलं. आत्यालाही राख देऊ नका, तो म्हणाला. चेहरा गंभीर.

रविवारी तो मला वाटेच्या टोकाला घेऊन गेला. तिथे दुमजली घराएवढा ऱ्होडोडेंड्रॉन उभा होता. वर फुलं, खाली गळलेली फुलं, आणि मधला उजेडसुद्धा लाल. मी बोलायची थांबले. घरच्यांनी हे पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता. माळ्याचा चेहरा लाल, माझाही लाल. कोण लाजतंय ते कळायला काही मार्गच नव्हता.

शेवटचं झुडूप उरलं. एका फुलात सात पुंकेसर. दुसऱ्यात आठ.

"संकर आहे," तो म्हणाला. "दोघांचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बेचाळीसच्या बेचाळीस माहीत होती. सहा वर्षं मीच पाणी घालतोय."

"मग दहा मिनिटांत सांगून टाकायचं ना..."

त्याने हातातला गुच्छ मोडला. पहिल्यांदाच कोंबासकट मोडला.

"दहा मिनिटांत तू निघून गेली असतीस."

मी त्या झुडपाच्या पाटीवरचं 'अझेलिया' पुसून ती कोरी केली. ब्रश मात्र धुवून आवरायचा राहू दिला.

सोमवारी मोठ्या बाई आल्या. एक्केचाळीस पाट्या वाचून त्यांनी मान डोलावली आणि बेचाळिसाव्या, कोऱ्या पाटीपाशी थांबल्या. त्यांनी झुडूप पाहिलं. मग एकाच छत्रीखाली उभे असलेले आम्ही दोघं पाहिले. पाऊस नव्हता.

"यावर काय लिहायचं ठरलंय?"

"अजून बघतोय, बाई," आम्ही एकदमच म्हणालो.

"बघा," त्या वहीत काहीतरी खरडत म्हणाल्या. "हिला आणखी एक महिना देते. अशा गोष्टींना वेळ लागतो."