डक्ट आणि खिडकी

छपाईच्या दुकानात माझा नकाशा यंत्रातून हळूहळू बाहेर सरकत होता, आणि एक अनोळखी माणूस मान तिरकी करून तो वाचत होता.

"ही खिडकी तुमची?"

"वाचनालयाची. काढलीय मी."

"मग माफ करा... माझा एसीचा डक्ट बरोबर तिच्यातून जातोय."

म्हणजे हाच तो. मी आखत असलेल्या याच वाचनालयाच्या पाणी, वीज, हवेचे नकाशे करणारा इंजिनिअर. दोन महिने आम्ही न भेटता पत्रांतूनच भांडत होतो. खिडकी मी गेल्या आठवड्यात सरकवली आणि याला कळवायचं राहूनच गेलं. चूक माझी होती, पण लगेच कबूल कशाला करायची?

परवा नकाशे मंजुरीला जाणार होते. एसीची हवा नेणारा तो पत्र्याचा डक्ट हलला नाही तर खिडकी जाणार. आणि तिच्या उजेडासाठी तर मी सारी खोली मांडली होती...

"बीम फोडता येणार नाही," तो म्हणाला. "जिन्यावरून डक्ट नेला तर डोक्यावरची उंची कमी पडेल. अग्निशमनवाले आपल्याला दारातूनच परत पाठवतील."

"आपल्याला?"

"बरं... तुम्हाला." त्याचे कान लाल झाले.

दोन दिवस त्याच्या टेबलावर आम्ही कागदावर कागद ठेवून वाट शोधली. पंख्याने कागद उडायचा. तो एक कोपरा दाबायचा, मी दुसरा. मधे चहा निवायचा. शेवटी कपाटांवरचं छत मी वीतभर खाली घेतलं, त्याने डक्ट चपटा करून तिथून नेला. खिडकीपाशी बसायला आपसूक एक ऊबदार कोपरा तयार झाला.

"तुम्ही छत खाली घ्याल असं वाटलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"मलाही नव्हतं वाटलं."

तिसऱ्या दिवशी मंजुरीचा शिक्का बसला. कार्यालयाबाहेर झिमझिम पाऊस होता आणि आम्ही दोघं आडोशाला.

"आता भांडायला काही उरलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे... भेटायलाही."

मी नकाशांची गुंडाळी उगाच घट्ट केली. "आई दोन दिवस विचारतेय, एवढा उशीर कशाने होतो?"

"मग तुम्ही तिला काय सांगता?"

"डक्ट."

"आणि आज?"

"आज डक्ट संपला. आज... तुझं सांगेन म्हणते."

त्याने गुंडाळी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाला, "मी येऊ का बरोबर? एकटीने सांगण्यापेक्षा बरं."

"चल," मी म्हटलं. "पण आई प्रश्न फार विचारते हं."