सावलीकडचे मणी

मंगळवारी सकाळी एक बाई पांढरा झगा घालून माझ्या प्रयोगशाळेत आली, खुर्चीवर बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "खांद्यांपासून सुरुवात करा. मान फार आखडलीय."

मी हातातली काचनळी खाली ठेवली. माझ्याही अंगात पांढराच कोट होता, त्यामुळे चूक अगदी तिचीच म्हणता आली नसती.

"मसाज पलीकडच्या दारात," मी म्हटलं. "इथं द्राक्षांच्या रसाची तपासणी होते."

तिनं एक डोळा उघडला. "म्हणजे पिळून काढणं दोन्हीकडे आहेच!"

मला हसू येणार होतं... पण तेवढ्यात कोपरानं दार ढकलत गाश्पार आत आला. दोन्ही हातांत मण्यांच्या पिशव्या, बुटांवर पाटीच्या दगडाची करडी धूळ. रोजच्यासारखाच ओरडला, "इंजिनियरबाई, जुना मळा आलाय! उठून स्वागत करा!"

त्या बाईनं आता दुसराही डोळा उघडला.

ती दोना कोन्स्तान्सा. लिस्बनची. दक्षिणेला, आलेन्तेजूत, तिचं स्वतःचं द्राक्षमळ्यातलं हॉटेल होतं, आणि डौरो नदीच्या काठावरची हॉटेलं पाहुण्यांना कसं रमवतात ते पाहायला ती पाच दिवस आमच्या मळ्यातल्या हॉटेलात उतरली होती. नदीकडच्या कोपऱ्यातली खोली, सज्जात न्याहारी, द्राक्षबियांच्या तेलाचा मसाज – सगळं तिला आवडलं. पण सर्वांत जास्त काय आवडलं, ते मला त्या दुसऱ्या डोळ्यावरूनच कळलं होतं.

गाश्पारचं काम सांगायला सोपं, करायला अवघड. काढणीच्या दिवसांत रोज सकाळी तो डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या मळ्यांतून हिंडतो आणि प्रत्येक मळ्यातून दोनशे मणी खुडून आणतो. उन्हाकडचा एक, सावलीकडचा एक. घडाच्या खांद्यावरचा एक, शेंड्याचा एक. डोळ्यांनी निवडायचं नाही. हात जाईल तो मणी घ्यायचा. मी ते चिरडते, साखर मोजते, आंबटपणा मोजते आणि आकडे फळ्यावर लिहिते. फळा बघून सेन्योर ओताव्हियो, आमचे वाईन करणारे गुरुजी, काढणीचा दिवस ठरवतात. जुना मळा तर नव्वद वर्षांचा, चौदा जातींच्या वेली एकात एक मिसळलेल्या. तिथं एका दिवसाची चूक म्हणजे वर्षाची चूक.

चार वर्षं मी गाश्पारचे मणी मोजत होते. चार वर्षं आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होतो. तो दहा मिनिटं थांबायचा, माझ्या मोजपट्ट्यांची चेष्टा करायचा आणि जायचा. त्या दहा मिनिटांवर माझा उरलेला दिवस चालायचा... हे मी कुठल्याही फळ्यावर लिहिलं नव्हतं.

बुधवारी कोन्स्तान्सा त्याच्याबरोबर मळे पाहायला गेली. गुरुवारी पुन्हा गेली – आणि परत आली ती त्याला 'तू' म्हणतच. मला चार वर्षं लागूनही न जमलेलं तिला दोन दिवसांत जमलं. शुक्रवारी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून दोघांसाठी टोपली भरली गेली.

"मक्याचा पाव, धुरावलेलं सॉसेज, चीज, अंजिरं," आमची स्वयंपाकीण तिया अल्बर्तिना मला ऐकू जाईल अशा बेतानं मोजत होती. "आणि पांढरी वाईन गारेगार. पाहुणीला उद्या पहाटे नमुने गोळा करायचेत म्हणे. हं! मी तीस वर्षं इथं आहे, नमुने गोळा करायला मला कुणी अंजिरं दिली नाहीत."

"तिया, कॉफी मिळेल का?"

"मिळेल की. साखर घालू? का आज नकोच... चेहरा तर कच्च्या द्राक्षासारखा झालाय."

"मला बरंच काम आहे."

"पोरी, ती बाई त्याला आलेन्तेजूला नेतेय. तिथल्या मळ्याचा मुख्य म्हणून. घर, गाडी, सगळं देऊन. उद्या द्राक्षांची तुडवणी संपली की त्याला उत्तर द्यायचंय." तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "आता बस मोजत."

मी कॉफी बिनसाखरेची प्यायले. कडू लागलीच नाही, इतकं तोंड आधीच कडू होतं.

शनिवारी गाश्पार घाईत होता. पिशव्या ठेवल्या, "दोना कोन्स्तान्सा खाली थांबल्यात," म्हणाला आणि वळला. दहा मिनिटांतली नऊ गेली. दारातून मात्र त्यानं एकदा मागे पाहिलं – माझ्याकडे नाही, जुन्या मळ्याच्या पिशवीकडे.

मी ती पिशवी चिरडली. साखर चोवीस पूर्णांक सहा.

आदल्या दिवशी तेवीस पूर्णांक एक होती. मी उपकरण धुतलं, पुसलं, पुन्हा मोजलं. चोवीस पूर्णांक सहा. एका दिवसात दीड अंश साखर चढत नाही. गेल्या रात्री तर हवाही गार होती. मग मी चोथ्यातली सालं चाळून पाहिली... काळीभोर, टपोरी, एकसारखी. त्यातली निम्मी तरी उन्हाकडचीच. सावलीकडचं फिकट साल शोधावं लागत होतं.

हे मणी डोळ्यांनी निवडले होते. नवखा माणूस नेहमी तसंच करतो. हात आपोआप सुंदर मण्याकडे जातो. हा गाश्पारचा हात नव्हता.

कुणाचा होता, ते मला कुठलंही उपकरण न लावता कळलं. तिची बोटं, त्याच घडावर त्याची बोटं, मध्ये अंजिरांची टोपली...

आणि मग मी ते केलं, जे चार वर्षांत कधी केलं नव्हतं. खोटा आहे हे माहीत असलेला आकडा मी फळ्यावर लिहिला. चांगल्या, वळणदार अक्षरात. त्याच्या नावापुढे.

सेन्योर ओताव्हियो अकराला आले, चष्मा कपाळावर चढवून फळ्याकडे बघत राहिले. "चोवीस सहा? बाप रे. जुना मळा पळत सुटलाय की! उद्या उजाडताच काढणी."

खरं सांगायचं तर त्यांनी विचारावं आणि मी म्हणावं, 'गाश्पारलाच विचारा की,' असं मनात होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. माझ्या आकड्यावर ते कधीच प्रश्न विचारत नाहीत.

जेवणापर्यंत मी तग धरला. मग डोळ्यांपुढे त्या नव्वद वर्षांच्या वेली आल्या, त्यांचे घड कच्चेच खुडलेले, आणि मी पिशवी घेऊन डोंगर चढायला लागले.

दुपारचं ऊन पाटीच्या दगडातून वर येत होतं. मी रांगेनं हात घालत गेले – उन्हाकडचा, सावलीकडचा, खांद्यावरचा, शेंड्याचा. एकशे बारा मोजून झाले, तेव्हा मागून आवाज आला.

"इंजिनियरबाई, चोरी करताय?"

गाश्पार. टोपी हातात, एकटा.

"नमुना घेतेय. माणसं घेत नाहीत तेव्हा मला घ्यावा लागतो."

"आणला होता की सकाळी."

"तो तुम्ही आणला होता. खुडला नव्हता."

तो हातातली टोपी फिरवत हळूच म्हणाला, "अर्धे त्यांनी खुडले. पाहुण्यांना नाही म्हणायचं नाही, असा हॉटेलचा नियम आहे. मला वाटलं, तुम्ही बघताक्षणी ओळखाल आणि पिशवी माझ्या तोंडावर फेकाल. मग मी दुसरा नमुना आणणार होतो. तुम्ही तर फळ्यावर लिहून मोकळ्या झालात!"

"ओळखलं होतं."

"मग?"

"राग आला होता."

"कशाचा?"

मी एक मणी खुडला. सावलीकडचा. "दीड अंशाचा."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "दीड अंशावर एवढा राग? मग अंजिरांचं कळल्यावर काय झालं असेल?"

"अंजिरांचं मला काहीच नाही. पिकली होती, खाल्लीत, बरं केलंत. आलेन्तेजूतही अंजिरं भरपूर होतात म्हणे. घरासकट मिळतात."

"अल्बर्तिनाबाईंच्या पोटात काही राहत नाही," तो पुटपुटला. मग माझ्या शेजारी उभा राहून वेलीत हात घातला आणि मणी माझ्या पिशवीत टाकला. "एकशे चौदा... इरिया, तुला एक विचारू?"

चार वर्षांत पहिल्यांदा माझं नाव. आणि 'तू'. मी पिशवी घट्ट धरली.

"काढणी अगदी तोंडावर येईपर्यंत मळ्यांचा नमुना आठवड्यातून एकदा पुरतो. मला ओताव्हियोंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. बाकीचे मळे वाटेवर आहेत. हा एकटा डोंगराच्या माथ्यावर. चार वर्षं मी रोज चढतो आणि रोज उतरतो. एवढी हुशार बाई तू – कधी विचारलं नाहीस, का?"

वाऱ्यानं पानं हलली. मी खाली बघत म्हटलं, "मला माहीत होतं."

"काय?"

"एकदा पुरतो ते."

"मग बोलली का नाहीस?"

"मग तू आठवड्यातून एकदाच आला असतास."

आम्ही उरलेले मणी खुडले – एक त्याचा, एक माझा. हात एकमेकांना लागत होते आणि कुणीच मागे घेत नव्हतं. एकशे सत्तरच्या पुढे मात्र माझी मोजणी चुकली, ते मी कबूल करते.

पण आलेन्तेजूचं तो बोलला नाही. आणि मी विचारलं नाही.

नव्या नमुन्याची साखर तेवीस पूर्णांक दोन भरली. सेन्योर ओताव्हियो सज्जात पाहुण्यांना वाईन चाखवत होते, कोन्स्तान्सा त्यांच्या शेजारीच. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "सकाळचा आकडा चुकीचा होता. मला माहीत असून मी लिहिला. काढणी थांबवा."

त्यांनी पेला खाली ठेवला. "माहीत असून? इरिया, तू?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पण कळलं कसं तुला?"

उत्तर सोपं होतं आणि ते देण्यावाचून दुसरी वाट नव्हती. "चार वर्षं झाली. गाश्पारचा हात मी ओळखते. तो त्याचा नव्हता."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिया अल्बर्तिनाचा आवाज आला, "बोलली गं बाई एकदाची!"

कोन्स्तान्सानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. टोकं अजून जांभळी होती. "मी तर छान छान तेवढेच घेतले..." ती म्हणाली. मग जरा थांबून, "तसंच करते मी नेहमी."

सहा वाजता तुडवणी होती, खालच्या मळ्यातल्या द्राक्षांची. आमच्याकडे ती अजून पायांनीच होते. ग्रॅनाइटच्या हौदात गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत द्राक्षं, आणि त्यात माणसांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकांच्या खांद्यांवर हात. पहिले दोन तास नुसतं चालायचं: एक-दोन, डावा-उजवा. बोलायचं नाही, ओळ मोडायची नाही. मग मुकादम ओरडतो, 'सुटी!' – अकॉर्डियन सुरू होतो, खांदे सुटतात आणि ज्याला ज्याच्याबरोबर हवं त्यानं त्याच्याबरोबर नाचावं. पाहुण्यांना तेव्हाच आत घेतात. कोन्स्तान्सा पाय धुऊन, निळा झगा गुडघ्यावर खोचून कठड्यावर बसलीच होती.

मी दरवर्षी तापमापक घेऊन कठड्यावर उभी राहते. आत कधी उतरले नाही.

गाश्पारनं ओळीत उभं राहताना डाव्या बाजूला एक जागा सोडली. मुकादम खेकसला, "अरे, ओळ जोड की!"

"माणूस यायचाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी तापमापक तिया अल्बर्तिनाच्या हातात दिला.

"मला वाचता येत नाही हो हे," ती म्हणाली.

"नुसतं धर, तिया."

रस आधी गार लागला, मग ऊबदार. त्याचा हात माझ्या खांद्यावर आला, जड आणि स्थिर. दोन तास आम्ही एक शब्द बोललो नाही. एक-दोन, डावा-उजवा. सालं पायाखाली फुटत होती, हौदाला गोड-आंबट वास सुटला होता, आणि मी पहिल्यांदाच काही मोजत नव्हते.

"सुटी!"

अकॉर्डियन वाजला. दोन्ही रांगांचे खांदे सुटले, टाळ्या पडल्या, पाहुणे किंचाळत आत उतरले. कोन्स्तान्सा कठड्यावरूनच वाकली. "गाश्पार! माझं उत्तर?"

"दोना कोन्स्तान्सा, माफ करा," तो म्हणाला. "माझा हात मोकळा नाही."

ती माझ्या खांद्यावरच्या त्या हाताकडे बघत राहिली. मग हसली – थोडं उशिरानं, पण हसली – आणि सेन्योर ओताव्हियोंना ओढत नाचायला घेऊन गेली.

हौदात सगळे नाचत होते. आम्ही दोघं मात्र अजून चालतच होतो, खांद्यावर हात ठेवून... एक-दोन, डावा-उजवा.