पहाटे वर येणारे मासे

"बाई, आमच्या डोहातले मासे कुणीतरी मारतंय. आणि त्यापायी आज संध्याकाळी गाव एका माणसाला नदीवरून उठवणार आहे."

चिंचवडच्या त्या दोन खोल्यांत उद्धवराव गुरुजी अजून नीट बसलेही नव्हते. सुमनताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. बाईंचे यजमान पोलिसात जमादार होते. ते गेल्यावरही लोक आपले गुंते घेऊन त्याच दारात येत राहिले. ते सोडवणं हाच आता बाईंचा व्यवसाय झाला होता. दवाखान्यात कंपाउंडर असलेला त्यांचा दीर ज्योतीराम सुट्टीच्या दिवशी सोबत असे.

"माणूस कोण?" बाईंनी विचारलं.

"गेनू भोई. त्याच्या झोपडीमागे गेळफळं सापडली. ती कुटून टाकली की मासे गुंगून वर येतात. पण माझं मन मानत नाही."

दसरा होऊन चार दिवस झाले होते. बैलगाडीतून मोशीला जाताना गुरुजींनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गावातल्या बारा जणांनी डोह राखण मंडळ काढलं. आसरांच्या, म्हणजे जलदेवतांच्या, डोहात कुणी जाळं टाकायचं नाही, पाळीपाळीनं पहारा करायचा. यंदा पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकावं म्हणून पाऊस ओसरताच श्रमदानानं दगडांचा बांध घातला. आणि गेल्या पाच दिवसांपासून मासे मरू लागले.

"बांधाच्या खाली मेले?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही."

गाडीतून उतरल्यावर पुढची पायवाट मालोजी नावाच्या शेतकऱ्याच्या रानातून होती. ज्योतीरामच्या पायाला धसकट लागलं. "अरे बापरे! काय कापलंय इथं?"

"ताग," गुरुजी म्हणाले. "मालोजी आमचा खरा कार्यकर्ता. गुरं पाण्यात शिरू नयेत म्हणून डोहाच्या एका काठाला दोरखंड त्यानंच वळून बांधले."

मालोजीनं अंगणात घोंगडी अंथरली. झाडून लख्ख केलेलं अंगण, कोपऱ्यात चार कोंबड्या, बाकी मोकळं. चहा देता देता तो बोलू लागला.

"लेकरावानी जपलं मासं, ताई. पयला काठ घरातल्या तागाच्या जुन्या वाखानं बांधला. दिवाळीपातुर दुसरा बांधतो म्हनलं व्हतं. आता कुनासाठी बांधायचं?"

पुढची गाठ काठावरचे बागायतदार दौलतराव यांच्याशी पडली. त्यांचं पाणी उपसायचं तेलाचं इंजिन डोहाच्या वरच्या अंगाला होतं.

"बांधाला माझा विरोध होता, आजही आहे," ते फटकन म्हणाले. "पाणी तुंबून माझी काकडीची वाडी बुडाली. पण मासे मारून माझी वाडी वर येणार आहे का?"

"डोहाच्या वरच्या कोपऱ्यात कोण जातं?" बाईंनी विचारलं.

"त्या करंजाच्या झाडांखाली? आसरांचं ठाणं आहे तिथं. कुणी पाय ठेवत नाही. वासही घाण येतोय हल्ली. मेलेल्या माशांचा असेल."

गेनू झोपडीपुढे बसला होता. बायको तानाबाई त्याच्या मागे उभी होती.

"गेळफळं माजी हायत," तीच आधी बोलली. "धुनं धुवाया आनते. कुनाला बी इचारा."

सुमनताई गेनूसमोर जमिनीवर बसल्या. "मासे कसे मरतात ते मला सांग. तुझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल."

गेनू दचकला. पाच दिवसांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"फाटंचं वर येत्यात, ताई. तोंड आ करून. उन्हं वर आली की वाचल्यालं खाली जात्यात. दुसऱ्या दिशी परत तेच. खवली मेली, कोळशी मेली. मरळ मातुर एकबी न्हाई."

"मरळ नाही?"

"न्हाई. ती वरची हवा घेती न्हवं."

ज्योतीराम कुजबुजला, "वहिनी, गुन्हेगाराला मरळ आवडत असेल."

"भाऊजी, गुन्हेगाराला यातलं काहीच ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी सगळे बांधावर जमले. बाईंनी थेट सुरुवात केली.

"गेळफळानं मरळही गुंगली असती. आणि गेनूनं मासे पकडायला विष घातलं असतं, तर ते कुजायला का सोडले? शिवाय विष काही रोज पहाटे चढून दुपारी उतरत नाही. या माशांना विषबाधा झालेली नाही. त्यांचा श्वास कोंडतोय. पाण्यात काहीतरी कुजतंय, ते पाण्यातली हवा खातंय. दिवसा उन्हात शेवाळ थोडी हवा सोडतं, रात्रीत ती संपते. वरची हवा घेणारी मरळ म्हणून वाचली."

"काय कुजतंय?" दौलतराव म्हणाले.

"आम्ही कापलेल्या तागाच्या रानातून आलो. पण अंगणात एक पेंढी नव्हती. मालोजी, तुमचा ताग कुठे आहे?"

मालोजीनं करंजांकडे हात केला.

"वाख सुटावा म्हनून भिजत घातलाय. तिकडं कुनी जात न्हाई, म्हनून तिथं. वरती दगडं ठिवलीत. ह्या काठाला दोर लावायचं व्हतं... ताई, दरसाल नदीतच घालतो की आमी!"

"वाहत्या पाण्यात. यंदा तुम्ही सगळ्यांनी ते अडवलंत."

मालोजी मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. त्याला उठवायला पुढे झाला तो गेनू.

"रडून मासं वाचत्यात व्हय? चल, पेंढ्या काढू."

दोघे कमरेइतक्या पाण्यात उतरले. काळ्या, बुळबुळीत पेंढ्या हातोहात काठावर आल्या. बांधाचे चार दगड काढून पाण्याला वाट दिली. दौलतरावांनी कुणी न सांगता इंजिन आणून प्रवाहातलं ताजं पाणी उंचावरून डोहात सोडलं.

"गुरुजी, गेनू तुमच्या मंडळात का नाही?" बाईंनी विचारलं.

"तो मासे धरतो म्हणून..." गुरुजी म्हणाले. मग ते गेनूकडे गेले. "चुकलो रे. येशील का आमच्यात?"

"पाळी पहाटंची द्या," गेनू म्हणाला. "मी तवाच उठतो."

ज्योतीरामला दवाखाना गाठायचा होता, पण बाई तीन रात्री मोशीलाच राहिल्या आणि त्यालाही थांबवून घेतलं. तिसऱ्या पहाटे सगळे काठावर उभे होते. गेनू आणि मालोजी सर्वांत पुढे. उजाडलं. पाण्यावर पातळ धुकं होतं.

ज्योतीराम वाकवाकून बघत राहिला. "वहिनी, मला तर एकही मासा दिसत नाही."

"न्हाईच दिसायचा, दादा," गेनू हसून म्हणाला. "समदी खाली हायत. सुखात."