बिनदातांच्या तोंडातला आवाज

वांदो बेटावर बंदराला लागून माझा दातांचा दवाखाना आहे. त्या दुपारी प्यो ग्यूहो आपल्या आईला घेऊन आला, तेव्हा कवळी सैल झाली असेल एवढंच मला वाटलं. बुन्न्ये आजींची ती कवळी मीच बसवली होती. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता.

ग्यूहो खालच्या आवाजात म्हणाला, "आई झोपेत दात खाते."

मला हसू आलं. कवळी काढून ठेवत जा, असं मी सांगितलं. तर कवळी पेल्यातच असते, म्हणाला. आवाज तोंडातून येतो, भिंतीपलीकडे ऐकू जातो.

त्या घरातला तो आवाज मला ठाऊक होता. ग्यूहोची बायको सोरान त्याच तक्रारीसाठी माझ्याकडे यायची. तिच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, जबड्याचे स्नायू दगडासारखे घट्ट. दिवसभर गिळलेला राग माणूस झोपेत चावतो, हे मी तिला समजावलं. जबडा शेकायला सांगितला, रात्री दातांवर घालायला पट्टी करून दिली आणि म्हटलं, मनातलं बोलत जा.

"बोलले तर घर मोडेल, डॉक्टर," ती म्हणाली. "त्यापेक्षा दात झिजलेले बरे."

आजींनी ती पट्टी चुलीत टाकली. सून आहे की घोडी, तोंडात लगाम घेऊन झोपते, असं साऱ्या शेजाराला ऐकवलं. पुढच्या हिवाळ्यात सोरानला ताप भरला. समुद्रशेवाळाचा हंगाम ऐन भरात होता. हंगाम संपला की दवाखान्यात जा, असं म्हणून आजींनी तिला बर्फासारख्या पाण्यात शेवाळ धुवायला उभं केलं. ग्यूहो गप्प राहिला. हंगाम संपायच्या आत सोरान गेली.

आजींना खुर्चीत बसवून मी कवळी काढली. हिरड्यांवर ताज्या जखमा होत्या, अर्धगोलात, चावल्यासारख्या. पण चावायला तिथे होतं काय? औषध लावता लावता आजींचा डोळा लागला. खाडीवरून धुकं आलं होतं. बाहेरच्या बोटींचा आवाजही थांबला होता.

आणि आजींच्या तोंडातून तो आवाज सुरू झाला. कर्र... कर्र... जात्यात खडा सापडावा तसा.

मी वाकून पाहिलं. तोंड अर्धवट उघडं होतं, आत फक्त लालभडक हिरड्या. जबडा हलत नव्हता. आतून शेवाळाचा ओला, खारट वास येत होता, आणि इतका गार वारा की माझ्या चष्म्याच्या काचा गारठून धुरकटल्या.

आजी दचकून जाग्या झाल्या. माझं मनगट धरून पुटपुटल्या, "ती आत आहे..."

"मग तिच्याशी बोला, आजी. काय चुकलं ते बोलून टाका."

त्यांनी लेकाकडे पाहिलं. मग ओठ हलले. "मला ठाऊक होतं... तिला उभं राहवत नव्हतं... पोरी, माझं..."

खट्.

जबडा मिटला. दातावर दात आपटल्याचा स्पष्ट आवाज. मग तो उघडेचना. मी जोर लावला, ग्यूहोनं लावला. मोठ्या इस्पितळात जबडा सैल करायच्या सुया टोचून झाल्या, तरी तो मिटलेलाच राहिला. आजींच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. सोरानला माफी नको होती. तिला ते तोंड हवं होतं.

नळीनं अन्न देऊनही आजी वसंतापर्यंतच टिकल्या.

दहनाला मी गेले होते. आमच्याकडे भट्टीतून निघालेल्या अस्थी काचेपलीकडून घरच्यांना दाखवतात आणि मग यंत्रात दळून कलशात भरतात. कर्मचाऱ्यानं ट्रे पुढे केला. राखाडी हाडांच्या कडेला दात होते. अख्खे, पांढरे, झिजून सपाट झालेले. ते जळले नव्हते. ते ओले होते.

"हेही दळायचे का?" त्यानं विचारलं.

 ग्यूहोनं होकारार्थी मान डोलावली.

लगेच दळण्याचा आवाज सुरू झाला. कर्मचारी जागच्या जागी थिजला. त्याचा हात अजून यंत्राच्या बटणापर्यंत पोचलाच नव्हता.