आत्याचे निरोप

“औषध देणाऱ्या माणसाला जपा हं,” डॉ. शबाना मुजावर पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. मी नुसती मान हलवली. डॉक्टर असं काहीबाही म्हणतातच. माझं सगळं लक्ष रेवाकडे होतं. चार वर्षांच्या माझ्या लेकीच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं झालं होतं.

मिरजेत आता यकृत सहसा बदलत नाहीत, समजावतात. आपली प्रत्येक पेशी सूक्ष्म बुडबुडे सोडत असते. त्यांत एका पेशीचा दुसरीला निरोप असतो: वाढ, थांब, सूज उतरव. डॉक्टर त्यांना निरोपकण म्हणतात. निरोगी माणसाच्या मूळपेशी काढायच्या, काचेच्या भांड्यात वाढवून त्यांचे निरोपकण गोळा करायचे, त्यांतच औषध भरायचं आणि सुईनं टोचायचं. कण थेट यकृताच्या दारात जाऊन उभे राहतात. यकृतानं दार तेवढं उघडायला हवं.

माझ्या कणांना रेवाच्या यकृतानं दार उघडलं नाही.

“पण मी आई आहे तिची!”

“यकृताला नातं कळत नाही हो. खुणा जुळाव्या लागतात,” डॉक्टर म्हणाल्या.

खुणा जुळल्या माझ्या नणंदेशी. विदुला तासगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे. दर महिन्याला यायची, कमरेच्या हाडातून पेशी द्यायची आणि वर लंगडत लंगडत रेवाला कडेवर घेऊन फिरायची. रेवाचे डोळे निवळले. भात मागून खायला लागली. सासूबाई येईल-जाईल त्याला ऐकवायच्या, “बारशाला कानात कुर्र विदुलानंच केलं, आता आतूनसुद्धा तीच सांगते पोरीला.”

मी हसायचे. हसून गाल दुखायचे.

रेवाच्या वाढदिवसाला मी निरांजन लावलं, तर पोरगी पाटावरून ओरडली, “आधी आत्या!”

विदुला स्वयंपाकघरात आली. “वहिनी, तबक दे ना, थांबलीय ती.”

“घे की. सगळंच घेतलंयस.”

“म्हणजे?”

“हाडातलं काढून दिलं म्हणून कुणी आई होत नाही, विदुला.”

तिनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, “भात लागतोय बघ खाली.” आणि चपला घालून निघून गेली.

पेशी द्यायला ती त्यानंतरही आली. पण परस्पर हॉस्पिटलात, आणि तशीच परत. रेवाचे डोळे पुन्हा पिवळे व्हायला लागले.

“औषध तेच, माणूस तोच. मग असं का?” मी विचारलं.

“माणूस तसाच राहिलेला नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “विदुला झोपत नाहीये, जेवत नाहीये. मूळपेशी ज्या शरीरात राहतात तिथलं सगळं ऐकत असतात. त्यांचे निरोपही मग तसेच निघतात. आम्ही त्यांत औषध घालतो, आधीचा मजकूर पुसता येत नाही आम्हाला. घरात काही झालंय का?”

“छे, काही नाही.”

“तुमच्या लेकीच्या यकृताला काहीतरी कळलंय, ताई.”

ओट्याशी बोललेलं माझं वाक्य विदुलाच्या हाडात गेलं, तिथून भांड्यात, भांड्यातून सुईत. माझ्यासाठी कधीच न उघडलेल्या त्या दारानं माझा एवढा एक निरोप आत घेतला.

मी फोन केला, माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “रिपोर्ट वाईट आलाय का, वहिनी?” मी फोन ठेवला. तिचा भाऊ जाऊन आला. त्याला म्हणाली, मी मजेत आहे, दादा. घरच्यांना ती तसंच सांगणार. या महिन्यात ती आलेली नाही. फोनही उचलत नाही. रेवाला सलाईन लावलंय, ती माझा हात सोडत नाही आणि झोपेत आत्याला हाका मारते.

हो, अजून जळते मी. आणि तरी सकाळपासून देवापुढे मागते ते विदुलाचं सुख.

तुम्ही तासगावच्या बाजूचे असाल, तर कोल्ड स्टोरेजच्या गेटवर विदुलाला विचारा. द्राक्षांचं काहीतरी निमित्त काढा, डबा खाल्ला का बघा, दोन गोष्टी बोला. मी पाठवलं म्हणू नका. ती हसली, तर तेही मला सांगू नका, रेवाच्या डोळ्यांत दिसेलच मला. तेवढं बघून या.