वाटेत थांबलेली यानं

माझं काम एक्स-रे काढण्याचं. लोक त्याला फोटो म्हणतात. "ताई, फोटो चांगला येईल ना?" असं विचारणारा एखादा तरी रोज भेटतोच, आणि मी रोज तेच सांगते: हसलात तरी चालेल, हलू मात्र नका. प्लेटवर उमटतं ते आहे आणि उमटत नाही ते नाही, अशी माझ्या डोक्याची घडण. त्यामुळे पुढचं सांगताना सगळ्यांत जास्त अवघडते ती मीच.

माझे यजमान लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. एका उतारावर, वळणात गाडी कलंडली आणि त्यांच्या मणक्याला मार बसला. त्यांच्या पाठीचे फोटो मीच काढले. शस्त्रक्रिया झाली, पायांत थोडी ताकद आली, वॉकर धरून खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाता येऊ लागलं. पण रोज नवा गाव पाहणारा माणूस रोज तीच भिंत पाहू लागला. बोलणं आटलं. औषध घेतलंत का, घेतलं. दूध तापवलंस का, तापवलं. भांडण नव्हतं हो. भांडायलासुद्धा दोन माणसांना समोरासमोर बसावं लागतं, आणि मी बसत नव्हते. इस्पितळात जादा पाळ्या, घरी आले की स्वयंपाक, त्यांची मालिश, धुणं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चाललंय."

माझ्या दिरांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. एका दुपारी ते एक जुना संगणक, मोठा पडदा आणि गिअरच्या दांड्यासारखी एक दांडी घेऊन आले. खिडकीपाशी टेबल लावलं आणि भावाला एक खेळ दाखवला. अंतराळयान चालवायचं. एका ताऱ्याजवळच्या तळावरून माल उचलायचा, दुसऱ्या ताऱ्यापाशी पोचवायचा. वाटेत लुटारू आडवे आले तर लढायचं. "दादा, धंदा तुझाच आहे," दीर म्हणाले, "फक्त रस्ते जरा मोठे आहेत." आमच्या घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून त्यांनी खेळ एकट्यानं खेळायचा असा लावून दिला. बाकीची यानं संगणकच चालवतो, त्यांत माणसं नसतात, हे त्यांनी मला मुद्दाम समजावलं.

यजमानांनी पहिल्याच दिवशी यानाला गाडी म्हणायला सुरुवात केली. निघण्याआधी सगळे काटे तपासायचे. परतीचा माल मिळाल्याशिवाय तळ सोडायचे नाहीत, कारण रिकामी गाडी फिरवणं म्हणजे पाप. लढायचे मात्र नाहीत. लुटारू दिसले की वाट वाकडी करून निघून जायचे. "भांडून माल पोचत नाही," म्हणायचे. सकाळची पाळी संपवून मी घरी आले की मला बातम्या मिळू लागल्या. आज बियाणं नेलं, उद्या औषधं न्यायचीत, अमुक तळावर माल उतरवायला फार खोळंबा करतात. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून सबंध वाक्यं ऐकत होते. मग मीही निवडायची भाजी घेऊन शेजारच्या खुर्चीत बसू लागले. मला कामही मिळालं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोल चकतीत जवळपासची यानं ठिपक्यांसारखी दिसत. लाल ठिपका म्हणजे लुटारू; तो आला की सांगायचं.

एकदा ते जवळची वाट म्हणून भलत्याच ओसाड भागातून निघाले होते. तळ नाही, ग्रह नाही, नुसता काळोख आणि लांब लांब तारे. तिथं एक यान उभं होतं. लहान, जुन्या धाटणीचं, सगळे दिवे विझलेले. मी चकतीकडे पाहिलं. चकतीत काहीच नव्हतं.

पुढं चला, काही लबाडी असेल, असं मी म्हटलं. त्यांनी वेग कमी केला.

"रस्त्यात उभ्या गाडीला विचारल्याशिवाय पुढं जायचं नसतं," ते म्हणाले. "माझ्यासाठीही कुणीतरी थांबलंच होतं."

त्यांचं वाक्य संपतंय तोच स्पीकरमधून आवाज आला. म्हाताऱ्या पुरुषाचा, घसा बसलेला.

"दादा, थांबता का?"

त्या खेळात कुणी बोलत नाही. निरोप येतात ते अक्षरांत, तेही इंग्रजी. हा आवाज आमच्या भाषेत होता. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. यजमानांनी मात्र ट्रकच्या खिडकीतून विचारावं तसं विचारलं, काय झालं म्हणून. टेबलावर माइक नव्हता. तरी पलीकडच्याला ऐकू गेलं. इंधन केव्हाच संपलंय, तो म्हणाला. कितीजण जवळून गेले, थांबलं कुणी नाही. कुठून निघालो ते आता आठवत नाही, पण घरी वाट बघणारं कुणीतरी आहे एवढं नक्की.

यजमानांनी त्याला आपल्यातलं इंधन दिलं. "माझ्या मागे या," म्हणाले. "दिवे लागले तर लावा, म्हणजे मला आरशात दिसाल." आमच्या यानाला आरसा नव्हता. तरी थोड्या वेळानं मागे एक मिणमिणता दिवा लागलेला आम्हाला दोघांनाही दिसला.

वस्तीचा भाग अजून दूर होता, म्हणून त्या दिवशी खेळ तिथंच थांबवला. मी दिरांना बोलावलं. त्यांनी सगळ्या तारा तपासल्या, खेळ आतून बाहेरून पाहिला आणि असा आवाज यात असूच शकत नाही असं सांगितलं. मग पडद्यावरचं चित्र आणि खोलीतला आवाज टिपून ठेवायची सोय करून गेले.

दुसऱ्या दिवशीचा प्रवास मी कधी विसरणार नाही. म्हातारा गमत्या होता. त्यानं आपल्या बायकोच्या घोरण्याची एक गोष्ट सांगितली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. एकत्र असं कधी हसलो होतो ते आठवेना. मग चकतीत लाल ठिपके आले. मी सांगितलं. मागचं जुनं यान पळू शकणारं नव्हतं. यजमानांनी वाट वाकडी केली नाही. गाडी आडवी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा गोळी चालवली. काच तडकली, आतली हवा कमी होत चालल्याची घंटा वाजत राहिली, पण लुटारू मागे फिरले. तळ दिसू लागला तेव्हा म्हातारा म्हणाला, "उजेड दिसला. दारात कुणीतरी उभं आहे." तो आत गेला. त्यानंतर स्पीकरमधून फक्त खरखर आली.

यजमानांची पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. ते ताठ बसले होते, एवढा वेळ, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी दिरांनी टिपलेलं सगळं लावून पाहिलं. पडद्यावर आमचं एकच यान. मागे काही नाही. लुटारू येतात, आमचं यान कुणाला तरी पाठीशी घातल्यासारखं आडवं होतं, आणि पाठीशी मोकळा काळोख. यजमान बोलतात, थांबतात, पुन्हा बोलतात. मधली जागा रिकामी. एका ठिकाणी तशीच रिकामी जागा जाते आणि मग आम्ही दोघं खो खो हसतो. स्वतःचा आवाज मी असा बाहेरून पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या कल्पनेपेक्षा तो बारीक आणि फार थकलेला होता.

दीर स्वयंपाकघरात आले. "वहिनी, झोप नीट लागते ना?" त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हटलं.

त्यानंतर आम्ही कुणाला काही सांगायला गेलो नाही. यजमान माल सोडून इंधनच भरून नेऊ लागले. त्या ओसाड भागात आणखी यानं उभी असत. एक बाई भेटल्या, शाळेत शिकवणाऱ्या असाव्यात, कारण त्यांनी यजमानांचं बोलणं दोनदा सुधारलं. दोन भाऊ एकाच यानात होते आणि वाट कुणामुळे चुकली यावर भांडत होते. सगळ्यांना यजमान पोचवून आले. मी ठिपके सांगत असे. सकाळी ते वॉकर सोडून भिंतीच्या आधारानं दारापर्यंत जाऊ लागले. जिन्यावर शेजारी भेटला की दोन शब्द बोलू लागले. त्यांच्या पाठीचा नवा फोटो मी काढला तेव्हा डॉक्टरांनी जुन्या फोटोशी ताडून पाहिला आणि मान हलवली. फोटोत फरक नव्हता.

मला आनंदच होता. फक्त कधी कधी, इस्पितळात कुणाला श्वास रोखायला सांगितला की मीही रोखायचे, आणि सोडायचा राहून जायचा.

त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. मी शेजारी बसून त्यांच्या शर्टाचं बटण लावत होते. दोरा दातांत धरला होता. ते त्या ओसाड भागाच्याही पलीकडे गेले होते, जिथं आम्ही आधी कधी गेलो नव्हतो. तिथं एकच यान उभं होतं, आमच्याकडे पाठ करून.

"अहो, थांबता का?"

मी तो आवाज लगेच ओळखला. तोच बारीक, थकलेला; दिरांनी टिपलेलं लावलं तेव्हा ऐकला होता ना.

यजमानांनीही ओळखला. दांडीवरचा त्यांचा हात थांबला. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"कधीपासून उभी आहेस?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नाही. तुमची गाडी कलंडली तेव्हापासून चालवतेच आहे. थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही, असं वाटायचं. मग एकदा आपोआपच थांबली."

तक्रार नव्हती त्या आवाजात. कुणी ताप किती आहे ते सांगावं, तसा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांचे डोळे भरून आले. लग्नाच्या नव्या दिवसांत ते माझ्याशी ज्या आवाजात बोलत, तो मी विसरूनही गेले होते. त्या आवाजात ते म्हणाले, "चुकलंच माझं. ये, माझ्या मागे ये. सावकाश ये. मी पुढं आहे."

मला बोलायचं होतं. मी इथं आहे, एवढंच म्हणायचं होतं. जबडा उघडेना. मी शर्ट बाजूला ठेवला आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

यानाचे दिवे एकेक करून लागले.

ते वळलं. आमच्याजवळ आलं, आणखी जवळ आलं, इतकं की समोरची काच दिसू लागली. काचेत ऊन पडल्यासारखं काहीतरी पिवळसर होतं. माझ्या खांद्यांवरचा भार कुणी हलकेच उतरवून घेतोय असं वाटलं. फार बरं वाटलं. मग हातापायांतूनही काही उतरत गेलं.

"अहो," स्पीकरमधून माझा आवाज म्हणाला. हळू बोलला, तिसऱ्याला ऐकू जाऊ नये इतका हळू. "तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग परक्या बाईचा चुकून स्पर्श झाल्यावर काढून घ्यावा तसा, मला वाईट वाटणार नाही अशा बेतानं, त्यांनी माझ्या हाताखालचा आपला हात काढून घेतला.